घरामागची नदी

दौलतनगरात प्रथमच येणाऱ्या पाहुण्यास पत्ता सांगताना आम्ही देरासर सांगतो, शाळा सांगतो, रस्त्याचा क्रमांक सांगतो. नदी मात्र कधीच सांगत नाही. बोरिवली पूर्वेस रेल्वेमार्ग आणि पश्चिम द्रुतगती महामार्ग यांच्यामध्ये वसलेली ही वसाहत. येथील रस्ते नावांपेक्षा क्रमांकांनीच अधिक ओळखले जातात. पहाटे पूजेची वस्त्रे नेसून निघालेली मंडळी, चातुर्मासात व्याख्यानाला जाणाऱ्या बायकांची लगबग, सायंकाळी सूर्यास्तापूर्वी चौविहार साधण्यासाठी दुकानातून घराकडे धावणारे पुरुष, असा इथला दिनक्रम. आणि या सर्व घरांच्या पाठीमागे, उंच भिंतीपलीकडे, एक नदी वाहते. तिला आम्ही चाळीस वर्षे ‘नाला’ म्हणत आलो.

तिचे खरे नाव दहिसर नदी. मिठी, पोयसर, ओशिवरा आणि दहिसर या मुंबई शहराच्या चार नद्या. त्यांतली ही सर्वांत उत्तरेची. तुळशी तलावाच्या परिसरातील डोंगरांत ती उगम पावते आणि सुमारे 12 किलोमीटर वाहून मनोरीच्या खाडीला मिळते. गंगा-गोदावरीच्या परिक्रमेला वर्षे लागतात. ही नदी मनात आणले तर एका दिवसात पायी पाहून होईल. मला मात्र ती पाहायला वयाची साठी उलटावी लागली. दुकानाची गादी मुलाकडे सोपवली, डॉक्टरांनी रोज चालायला सांगितले, आणि चालायचेच तर नदीकाठाने चालावे असे मनाने घेतले. वर्षभरात, तुकड्या-तुकड्यांनी, मी ती उगमाच्या डोंगरापासून खाडीपर्यंत पाहिली. त्याआधी या नदीशी आमच्या घराचा जो संबंध होता तो सांगणे भाग आहे.

आमचे मूळ घर बारामतीचे, कऱ्हेच्या काठचे. वडील मुंबईला आले ते मुळजी जेठा मार्केटमध्ये गुमास्ता म्हणून. पुढे स्वतःचे छोटेसे कापडाचे दुकान झाले आणि 1974 साली दौलतनगरात जागा घेतली, तेव्हा आई गावाहून आली. तिच्या सामानात पितळी हंडे होते आणि दुहेरी शुभ्र गाळणी होती. गावी वाड्यात आड होता. पाणी गाळून झाले की गाळण्यावरची जिवाणी ती तळाशी कडी असलेल्या बादलीने आडात अगदी पाण्यापर्यंत सोडी. वरून ओतली तर आपटून जीव मरतील म्हणून. ज्या पाण्याचे जीव त्याच पाण्यात परत गेले पाहिजेत, हा नियम तिला कोणी शिकवला नव्हता, आईच्या हातून तिच्या हाती आला होता.

मुंबईत आड नव्हता, नळ होता. पहिल्याच दिवशी तिने वडिलांना विचारले, “अहो, हे पाणी कुठलं?”

“नळाचं.”

“नळाला कुठून येतं?”

वडिलांना उत्तर सुचेना. खरे उत्तर आज मला ठाऊक आहे. मुंबईला सात तलावांचे पाणी मिळते. विहार आणि तुळशी हे दोनच शहराच्या हद्दीत; बाकीचे, म्हणजे तानसा, मोडकसागर, भातसा आणि दोन्ही वैतरणा, दूर ठाणे, पालघर आणि नाशिक जिल्ह्यांत. आमच्या हंड्यात कोणत्या नदीचे पाणी आहे हे सांगणे त्या काळी तर अशक्यच होते. आईने आपल्यापुरता मार्ग काढला. ती जिवाणीचा लोटा घेऊन मागच्या नदीवर जाऊ लागली. तेव्हा भिंत नव्हती. चार पायऱ्या उतरले की खडक, खडकांतून वाहणारे पाणी, पलीकडे धोब्यांचे दगड आणि वाळत घातलेल्या चादरी. जुने शेजारी सांगत की त्याआधी येथे सिनेमांची चित्रीकरणे होत. वडील चेष्टेने म्हणत, “अगं, हे ते पाणी नव्हे. तुझे जीव परक्या गावी सोडतेस.” ती म्हणे, “परकं असलं तरी पाणीच आहे ना.” शास्त्राच्या काट्यावर तिचे म्हणणे उतरणार नाही, हे मी जाणतो. परंतु सुमारे दहा-अकरा वर्षे हा क्रम चालला.

मग एके दिवशी ती भरलेला लोटा तसाच घेऊन परत आली. पाणी काळे पडले होते, त्यावर साबणाचा फेस होता. दारातच म्हणाली, “आता तिथे सोडलं तर मरतील.” त्यानंतर ती नदीवर कधी गेली नाही. त्या लोट्याचे तिने काय केले, हे विचारायचे राहून गेले.

आम्ही मुले तोवर दुकानात रमलो होतो. नदीच्या बाजूच्या खिडक्यांना प्रथम पडदे लागले, मग काचा लागल्या, मग त्या उघडणेच बंद झाले.

तिने स्वतःहून आमच्या घरात पाऊल ठेवले ते 26 जुलै 2005 रोजी. त्या चोवीस तासांत सांताक्रूझच्या वेधशाळेत 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, हा आकडा मुंबईकरांना पाठ आहे. डोंगरातून लोंढा येत होता आणि खाडीकडे भरतीने त्याची वाट अडवली होती. आमचे दुकान तळमजल्यावर. दुपारी तीनला उंबऱ्याला लागलेले पाणी पाचच्या सुमारास गल्ल्याच्या वर गेले. साड्यांचे गठ्ठे, परकराची ताकी, लग्नसराईसाठी भरलेला माल सारा डोळ्यांदेखत तरंगू लागला. वडील तेव्हा शहात्तर वर्षांचे. वह्या काढायच्या म्हणून आत शिरले आणि अडकले. त्यांना खांद्यावर घेऊन बाहेर काढले ते नदीपलीकडच्या तबेल्यातील दोन गड्यांनी. म्हशींचे दोर कापून ते नुकतेच इकडे आले होते. त्यांच्या किती म्हशी वाचल्या, हे त्या रात्री आम्ही विचारले नाही. आमच्या नुकसानीचा हिशेब आम्ही महिनाभर करत बसलो. त्या तबेल्याच्या वासाबद्दल आमच्या सोसायटीने कितीतरी वेळा तक्रारअर्ज केले होते, आणि त्यांतल्या एकावर माझीही सही होती.

पुरानंतर नदीचे पात्र रुंद करण्यात आले, दोन्ही काठांना काँक्रीटच्या भिंती उभ्या राहिल्या. सुरक्षितता आली, हे नाकारता येत नाही. मात्र ज्या चार पायऱ्या होत्या त्याही गेल्या. आज आमच्या बाजूने पाण्याला हात लावायचा म्हटले तर लावता येणार नाही.

म्हणून चालायला आरंभ केला तो वरच्या अंगाने, राष्ट्रीय उद्यानातून. सुमारे 104 चौरस किलोमीटरचे हे अरण्य महानगराच्या पोटात आहे आणि त्यात बिबटे राहतात, ही गोष्ट बाहेरगावच्या पाहुण्यांना खरी वाटत नाही. जुनी माणसे याच्या पश्चिमेकडील भागास अजून कृष्णगिरी उपवन म्हणतात. महाद्वारातून आत गेल्यावर थोड्याच वेळात नदी भेटते. पौषात ती अंगाने बारीक असते, पण पाणी स्वच्छ; तळाचे गोटे मोजता येतात. पहिल्या दिवशी मी कितीतरी वेळ तिथे नुसता उभा राहिलो. आमच्या घरापासून हे ठिकाण रिक्षाने दहा-पंधरा मिनिटांचे आहे. तेवढ्या अंतरात या पाण्याचे काय होते, हा प्रश्न त्या दिवसापासून पाठीस लागला.

याच उद्यानाच्या टेकडीवर पोदनपूरचे त्रिमूर्ती दिगंबर जैन मंदिर आहे. मध्ये भगवान आदिनाथ आणि दोन्ही बाजूंस भरत व बाहुबली, अशा तीन भव्य मूर्ती उघड्या आकाशाखाली उभ्या आहेत. आमच्यापैकी अनेक कुटुंबे मुलांना घेऊन रविवारी येथे येतात, दर्शन करतात, डबे उघडतात आणि नदी ओलांडून घरी जातात. दोघा भावांनी सैन्ये न लढवता दृष्टियुद्ध, जलयुद्ध आणि मल्लयुद्ध केले, म्हणजे पराजय झाला तरी प्राणहानी होऊ नये, ही कथा लहानपणापासून ऐकलेली. त्या दिवशी प्रथमच माझ्या मनात आले की जलयुद्धाला पाणी निर्मळ लागले असेल. हसू आले, पण विचार काही गेला नाही.

आणखी वर गेले की कान्हेरी. लेण्यांची संख्या शंभरावर आहे. बौद्ध भिक्षूंचा हा संघ येथे इसवी सनाच्या आरंभापासून जवळजवळ हजार वर्षे नांदला. प्रवासी मोठे चैत्यगृह पाहून परत फिरतात. मी मात्र व्यापाऱ्याच्या नजरेने दोन गोष्टी पाहिल्या. एक म्हणजे पाणी. जवळजवळ प्रत्येक लेण्याच्या दाराशी खडकात खोदलेले टाके आहे, आणि डोंगरावर पडलेला पाऊस त्या टाक्यांत यावा म्हणून बारीक चर कोरलेले आहेत. शिलालेखांत या टाक्यांना ‘पोढी’ म्हटले आहे. दुसरी गोष्ट म्हणजे दात्यांची नावे. सोपारा, कल्याण अशा गावांच्या व्यापाऱ्यांनी लेणी दिली, टाकी दिली आणि तसे लिहून ठेवले. दान देताना देवालयाइतकेच पाण्यालाही महत्त्व देणारी ती पेठेतली माणसे आपल्याच व्यवसायातली होती. आपल्या सोसायटीच्या फलकावर लिफ्टच्या, संगमरवराच्या, पंख्यांच्या देणगीदारांची नावे आहेत. पाण्याच्या टाकीवर कोणाचेच नाव नाही.

उद्यानात माणसेही राहतात. नवापाडा, चिंचपाडा, रावणपाडा, तुमणीपाडा असे वारल्यांचे आणि इतर आदिवासींचे पाडे अरण्य ‘उद्यान’ होण्याआधीपासूनचे आहेत. घरे हलवण्याची टांगती तलवार त्यांच्यावर वर्षानुवर्षे आहे. त्या पाड्यांतल्या बायका पावसाळ्यात बोरिवलीच्या रस्त्यांवर रानभाज्या घेऊन बसतात. एक मावशी आमच्या वसाहतीच्या तोंडाशी बसते. आषाढाच्या आरंभी तिच्याकडे टाकळा असतो, कुर्डू असते. चौदसेनंतर तीच मला हाक मारून सांगते, “शेट, तुमचा चातुर्मास लागला ना? मग पाला नका बघू. कंटोली आणल्यात तुमच्यासाठी.” आमचे नियम तिला पाठ आहेत. मी तिला एकदा विचारले की पाड्यावर पाणी कुठले. “नदीचं,” ती म्हणाली, “अन् कुठलं? वरचं चांगलं आहे. खाली तुम्ही हाय ना.” शेवटचे वाक्य ती अगदी सहज बोलली. त्यात टोमणा नव्हता, म्हणूनच ते अधिक लागले.

तिचे ‘खाली’ कोठून सुरू होते ते पाहणे कठीण नाही. उद्यानाची हद्द संपून श्रीकृष्णनगराचा परिसर आला की काठाला घरे लागतात. मग महामार्ग, मग आमचे दौलतनगर. या टप्प्यात तबेल्यांचे शेण येते, धोबीघाटांचा साबण येतो, झोपड्यांचे सांडपाणी येते. आणि हे तिन्ही दोष आमच्याकडे कोणीही बोट मोडून सांगेल. एक गोष्ट मात्र भिंतीलगत सावकाश चालल्याशिवाय दिसत नाही. दोन्ही काठांच्या भिंतींना ठरावीक अंतरावर गोल तोंडे आहेत. काहींतून थेंब गळतात, काहींतून धार वाहते. पावसाळ्याव्यतिरिक्तही वाहते. सकाळी सहा ते नऊ या वेळात, म्हणजे आपल्या स्नानाच्या आणि धुण्याच्या वेळात, जास्त वाहते. चाळीस वर्षे कापडाचा व्यापार केला, त्यामुळे माल कोणत्या गिरणीचा हे पोत पाहून सांगता येते. त्या धारेचा वास तबेल्याचा नव्हता. शाम्पूचा होता.

ते तसेच मनात ठेवून पुढे चाललो. रेल्वेच्या पुलाखालून गेलेली नदी दहिसर पश्चिमेस निघते आणि तिथून पुढचा मुलूख आम्हा दौलतनगरकरांना परदेशासारखाच. आम्ही तिकडे जातच नाही. जुने गावठाण, कौलारू घरे, क्रूस, देवळे. कोळी, भंडारी आणि ईस्ट इंडियन कुटुंबे येथे इमारतींच्या आधीपासून आहेत. वाट जरा वाकडी करून मंडपेश्वरची लेणी पाहिली. शैव लेणे, त्याच्या माथ्यावर पोर्तुगीज काळातल्या मठाचे भग्न अवशेष, शेजारी आजचे चर्च, असा एकाच खडकावरचा इतिहास. पूर्वी नदी लेण्याच्या समोरूनच वाहत असे, पुढे तिने पात्र बदलले, असे सांगतात. एकसरला वीरगळ आहेत. त्यांतल्या काहींवर वल्ह्यांची लढाऊ जहाजे कोरली आहेत. ही तेराव्या शतकातली शिलाहार आणि यादव यांची लढाई असावी, असे जाणकारांचे मत आहे. बोरिवली म्हणजे लोकलची गर्दी एवढेच ज्यांना ठाऊक, त्यांनी हे दगड अवश्य पाहावेत. येथे एकेकाळी समुद्र हीच मुख्य वाट होती.

कांदरपाड्यापुढे इमारती मागे पडतात आणि खारफुटी सुरू होते. नदी येथे रुंद, संथ आणि राखाडी. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या चिखलात प्लास्टिकच्या पिशव्या मुळ्यांना गुंडाळलेल्या दिसतात. पांढरे बगळे त्यांतूनच वाट काढतात. एक वृद्ध कोळी जाळे साफ करीत बसले होते. मासेमारी करणाऱ्या माणसाशी काय बोलावे, असा मला संकोच वाटला, हे कबूल करतो. आपल्या संस्कारात तो व्यवसाय बसत नाही. त्यांनी माझ्या कपाळावरचे गंध पाहिले आणि स्वतःच विषय काढला. म्हणाले, “शेट, तुमी खात नाय, चांगलंच. पण आता आमालाबी गावत नाय. जाळ्यात मावरं कमी, पिशव्याच जास्त.” मग हात वर करून नदीच्या वरच्या दिशेने दाखवले. “वरून येतं ते मारतं त्यांना. जाळं तरी पोटासाठी असतं.”

मी काही बोललो नाही. बोलण्यासारखे नव्हतेच. परतताना रिक्षात बसलो तेव्हा आईचा भरलेला लोटा डोळ्यांसमोर होता. आम्ही घरात पाणी गाळतो, दिवा लावताना पतंग पडू नये म्हणून जपतो, पर्युषणात तर पावलागणिक विचार करतो. भिंतीपलीकडे सकाळी सहा ते नऊ काय सोडतो, हे कधी वाकून पाहिले नाही.

सोसायटीच्या सभेत मी विषय मांडला, तेव्हा पहिली प्रतिक्रिया ठरलेलीच होती: आपली सगळी जोडणी पालिकेच्या गटाराला आहे, नकाशात तसे आहे. नकाशात होतेच. एक सभासद म्हणाले की काका निवृत्त झाल्यापासून समाजसेवेला लागले आहेत. सगळे हसले, मीही हसलो. इमारत चाळीस वर्षांची. मधल्या काळात बाथरूम हलल्या, धुण्याची यंत्रे आली, बाल्कन्या बंद होऊन तेथे मोऱ्या झाल्या. कोणत्या प्लंबरने कोणता पाइप कोठे जोडला, याचा हिशेब कोणत्याच वहीत नाही.

शेवटी आमच्या जुन्या प्लंबरनेच युक्ती सांगितली. किराणा दुकानातून निळीच्या पुड्या आणल्या. ठरल्या वेळी तो एकेका मजल्यावर मोरीत नीळ कालवून बादली ओतणार आणि मी मागच्या भिंतीवरून पाहणार. पहिला मजला झाला, काही दिसले नाही. दुसरा झाला. मला हायसे वाटू लागले होते, किंबहुना सभेत क्षमा मागावी लागणार असेही मनात आले. तिसऱ्या मजल्याच्या वेळी भिंतीतल्या एका तोंडातून प्रथम फेस आला, मग निळी धार. नदीच्या राखाडी पाण्यात ती बरीच दूरवर ओळखू येत होती. तिसऱ्या मजल्यावर आम्हीच राहतो.

पुढची कथा खर्चाची आणि म्हणून लांबलेली आहे. एकूण पाच घरांचे पाइप चुकीचे निघाले. रस्ता खोदण्याची परवानगी, वर्गणीची वाटणी, तळमजल्याने का द्यावे हा वाद, पर्युषणानंतर पाहू, दिवाळीनंतर पाहू, असे करता करता दीड वर्ष गेले. ज्या सभासदाने चेष्टा केली होती त्यांचा पाइप पाचांमध्ये नव्हता. तरीही पहिला धनादेश त्यांनीच दिला, हेही लिहिले पाहिजे. गेल्या माघात काम पूर्ण झाले. त्या तोंडावर आता सिमेंटचा गिलावा आहे.

नदी काही निर्मळ झालेली नाही. वसाहतीत तेवढ्याने फरक पडला असे म्हणणेही हास्यास्पद ठरेल. आमच्या तोंडाच्या डाव्या हाताला सहा पावलांवर दुसरे आहे आणि ते रोज सकाळी वाहते. शेजारच्या सोसायटीचे चिटणीस माझे जुने गिऱ्हाईक. त्यांच्याशी बोलणे झाले आहे. त्यांच्याकडेही नकाशात सर्व ठीक आहे. येत्या रविवारी सकाळी सात वाजता प्लंबरला बोलावले आहे. नीळ अर्धी पुडी शिल्लक आहे.